सगळे पडले म्हणून जिंकला? एका सुवर्णपदकाची केस स्टडी

ऑस्ट्रेलियातल्या बोलण्यात 'डू अ ब्रॅडबरी' असा एक वाक्प्रचार आहे. पुढचे सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून पडले आणि मागून येणारा आयता जिंकला, की म्हणतात, यानं ब्रॅडबरी केला. आपल्या 'दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ' याच्या अगदी जवळ जाणारं. ज्याच्या नावावरून हे आलं तो स्टीव्हन ब्रॅडबरी, शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगमधला ऑलिंपिक विजेता. दहा-अकरा वर्षांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द, चार ऑलिंपिक, आणि जगाच्या लक्षात राहिली ती शेवटची दीड मिनिटं.

आता या ब्लॉगवर हा खेळ कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. सांगतो. पेट, नेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताना एक प्रश्न हमखास येतो: एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढता येतो का? गाईडबुकमधलं उत्तर ठरलेलं आहे. 'केस स्टडीवरून सामान्यीकरण करता येत नाही.' हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. एका केसवरून काय म्हणता येतं आणि काय नाही, हे कळायला ब्रॅडबरीची कारकीर्द फार उपयोगाची आहे. कारण तिच्यावर लोकांनी भराभर निष्कर्ष काढलेत, तेही एकमेकांच्या विरुद्ध. आज आपण त्या निष्कर्षांची समीक्षा करू.

आधी घटना

शॉर्ट ट्रॅकमध्ये १११.१२ मीटरच्या लंबगोल मार्गावर चार-पाच स्केटर एकाच वेळी धावतात. प्रत्येकाला वेगळी लेन नसते. १००० मीटर म्हणजे नऊ फेऱ्या. पुढच्या फेरीत जायचं तर साधारणपणे पहिल्या दोघांत यावं लागतं. तुम्ही किती सेकंद घेतले यापेक्षा कितव्या क्रमांकानं रेषा ओलांडली, हे महत्त्वाचं. दुसऱ्याला अडवलं, ढकललं, तर पंच बाद करतात.

२००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रॅडबरी २८ वर्षांचा होता. १००० मीटरच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच्या गटात अमेरिकेचा अपोलो ओहनो आणि कॅनडाचा मार्क गॅन्यों होते. ब्रॅडबरी तिसरा आला, म्हणजे संपलं. पण गॅन्योंला अडथळा आणल्याबद्दल बाद केलं आणि ब्रॅडबरी पुढे गेला. उपांत्य फेरीत तो मागे राहिला. पुढचे तिघे पडले: आधीच्या ऑलिंपिकचा विजेता किम डोंग-संग, चीनचा ली जियाजुन आणि कॅनडाचा मॅथ्यू टरकॉट. ब्रॅडबरी अंतिम फेरीत.

अंतिम फेरीत पाच जण: ओहनो, ली, टरकॉट, दक्षिण कोरियाचा आन ह्यून-सू आणि ब्रॅडबरी. शेवटच्या वळणावर लीनं बाहेरून ओहनोला मागे टाकायचा प्रयत्न केला, दोघांची धडक झाली, आणि पाठोपाठ चौघेही बर्फावर आडवे. ब्रॅडबरी साधारण १५ मीटर मागे होता. तो उभ्या उभ्या रेषेपलीकडे गेला. हिवाळी ऑलिंपिकमधलं ऑस्ट्रेलियाचं, आणि संपूर्ण दक्षिण गोलार्धातल्या कुठल्याही देशाचं, हे पहिलं सुवर्णपदक.

व्हिडिओ सहज सापडतो. एकदा बघून घ्या, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पहिला निष्कर्ष: निव्वळ नशीब

वाक्प्रचारात जो अर्थ बसलाय तो हाच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, त्याला त्याचं श्रेय कसलं?

यावर पहिला आक्षेप वैधतेचा आहे. वैधता म्हणजे काय, हे तुम्ही पाठ केलं असेल: मोजमाप ज्याचं करतोय असं आपण म्हणतो, त्याचंच ते होतंय का? 'ब्रॅडबरी पात्र नव्हता' असं म्हणणारा मनात धरून चालतो की पदक वेग मोजतं. शॉर्ट ट्रॅकचं पदक वेग मोजत नाही. नियम मोडल्याशिवाय आणि न पडता कोण आधी पोचलं, हे ते मोजतं. वेग हा त्यातला मोठा घटक आहे, एकमेव नाही. घड्याळाविरुद्ध धावण्यासाठी लाँग ट्रॅक हा वेगळा प्रकार आहे, तिथे ४०० मीटरचा मार्ग असतो आणि आखून दिलेल्या लेन असतात. तिथे ब्रॅडबरीला असं पदक मिळालं नसतं. पण तो तो खेळ खेळतच नव्हता. दाट गर्दीत, जवळजवळ झोपून वळण घेताना न पडणं हा शॉर्ट ट्रॅकच्या कौशल्याचाच भाग आहे. तो भाग त्या रात्री चौघांना जमला नाही.

दुसरा आक्षेप कालखंडाचा. आपण आधार म्हणून घेतलाय तो दीड मिनिटांचा तुकडा. कारकीर्द पूर्ण घेतली तर काय दिसतं?

१९९१ मध्ये सिडनीला झालेल्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या संघानं ५००० मीटर रिले जिंकली. हिवाळी खेळातलं त्या देशाचं हे पहिलं जागतिक विजेतेपद. ब्रॅडबरी त्या संघात होता, वय १७. १९९२ च्या ऑलिंपिकला तो राखीव होता. संघातला एक जण उपांत्य फेरीत पडला आणि विश्वविजेता संघ अंतिम फेरीपर्यंत पोचलाच नाही. १९९४ मध्ये लिलेहामरला रिलेत कांस्य मिळालं. ऑस्ट्रेलियानं हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा भाग घेतला १९३६ ला. म्हणजे पहिल्या पदकासाठी ५८ वर्षं लागली. त्याच लिलेहामरला वैयक्तिक शर्यतींत त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. पण दुसऱ्यांशी झालेल्या धडकांत तो पडला. ५०० मीटरमध्ये आठवा, १००० मीटरमध्ये चोविसावा.

म्हणजे बघा, दुसऱ्याच्या धक्क्यानं पदक हुकणं त्याच्या वाट्याला आठ वर्षं आधी आलं होतं. नशीब हे स्पष्टीकरण द्यायचं असेल तर ते १९९४ लाही द्या. तेव्हा 'निव्वळ नशिबानं हरला' असं कुणी म्हटलं नाही, तसा वाक्प्रचारही झाला नाही. एकच कारण एका निकालाला लावायचं आणि दुसऱ्याला नाही, याला विश्लेषण म्हणत नाहीत.

दुसरा निष्कर्ष: जिद्द असेल तर फळ मिळतंच

हा प्रेरणादायी भाषणांमधला निष्कर्ष. याच्यासाठी लागणारा मजकूर ब्रॅडबरीच्या आयुष्यात भरपूर आहे. १९९४ च्याच शेवटी माँट्रियलच्या शर्यतीत धडकेत दुसऱ्याच्या स्केटचं पातं त्याच्या उजव्या मांडीत घुसलं. प्रचंड रक्त गेलं, १११ टाके पडले, पूर्ण ताकद परत यायला सुमारे दीड वर्ष गेलं. १९९८ च्या नागानोला पुन्हा धडका, पदक नाही. २००० मध्ये सरावात समोर पडलेल्या स्केटरला चुकवताना तो डोकं पुढे करून कठड्यावर आदळला आणि मानेचे दोन मणके मोडले. कवटीला स्क्रूनं बसवलेली चौकट घालून कित्येक आठवडे काढले. आणि पुढच्या दीडेक वर्षात ऑलिंपिक सुवर्ण.

जिंकल्यावर त्यानं स्वतः जे सांगितलं त्याचा आशय असा: हे पदक मी त्या दीड मिनिटासाठी घेत नाही, आधीच्या दहा वर्षांच्या कष्टांसाठी घेतो. माणूस म्हणून हे त्यानं म्हणणं मला पटतं. पण तो त्याचा अर्थ आहे, आपला निष्कर्ष नव्हे. आणि इथेच बरेच विद्यार्थी घसरतात. संशोधन-व्यक्तीनं स्वतःच्या अनुभवाला दिलेला अर्थ ही तुमची सामग्री असते. ती जशीच्या तशी उचलून निष्कर्षाच्या प्रकरणात टाकायची नसते.

'जिद्दीचं फळ' या निष्कर्षाची अडचण पद्धतीची आहे. आपण ब्रॅडबरीकडे का बघतोय? तो जिंकला म्हणून. म्हणजे आश्रयी चलाचं मूल्य बघून केस निवडली. मान मोडून परत आलेले, टाके घालून परत आलेले, तितकीच वर्षं बर्फावर घालवलेले आणि काहीच न मिळालेले स्केटर या चौकटीत येतच नाहीत. त्यांची क्लिप कुणी पाठवत नाही. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. मराठीत म्हणायचं तर, तरले तेवढेच मोजायचे. जिद्द फळ देते की नाही हे ठरवायला जिद्दी पण हरलेले लागतात, आणि जिद्द नसलेले पण जिंकलेलेही. एकट्या ब्रॅडबरीवरून हे ठरत नाही.

याचा अर्थ जिद्दीचा काही संबंध नाही, असा अजिबात नाही. मान मोडल्यावर त्यानं खेळ सोडला असता तर तो त्या रात्री रिंकवर नसताच. जिद्द ही त्या पदकाची आवश्यक अट होती. पुरेशी अट नव्हती. हा फरक एका ओळीत लिहिता आला, तर तुमचा सारांश-आराखडा निम्म्यानं सुधारतो.

तिसरा निष्कर्ष: सगळं ठरवून केलेलं

जाणकार म्हणवणारे तिसरीच बाजू घेतात. त्यांच्या मते ब्रॅडबरी मागे राहिला तो डावपेच म्हणून. याला आधार आहे. ब्रॅडबरीनं नंतर सांगितलंय की आपण या चौघांपेक्षा हळू आहोत हे त्याला माहीत होतं, एकामागून एक फेऱ्या खेळून त्यांच्या वेगाशी बरोबरी होणार नव्हती, म्हणून प्रशिक्षक ॲन झँग यांच्याशी बोलून त्यानं मागे राहायचं ठरवलं. दोघं पडले तर उरलेल्या तिघांना पदक, हा हिशोब. आंधळा मागतो एक डोळा, तसं त्यानं कांस्य मागितलं होतं.

हा निष्कर्ष मला तिघांत सर्वात बरा वाटतो. तरीही तपासायला हवा, कारण हे कथन निकालानंतरचं आहे. निकाल कळल्यावर माणूस आठवणी त्या निकालाला जुळवून घेतो, खोटं बोलायचा हेतू नसतानाही. मग आधीचा पुरावा कुठे शोधायचा?

व्हिडिओत? तिथे अडचण आहे. ब्रॅडबरी ठरवून मागे राहिला असेल तरी दृश्य तेच दिसेल, आणि दमला म्हणून मागे पडला असेल तरी तेच दिसेल. दोन वेगळी कारणं, एकच निरीक्षण. अशा वेळी तेच निरीक्षण दहा वेळा बघून उपयोग नसतो. दोन कारणांमध्ये फरक करेल असा वेगळा पुरावा लागतो.

तसे दोन धागे सापडतात. एक, १९९४ ची रिले. त्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाचा संघ चार संघांत हळू होता. आधी उभं राहायचं, गर्दीत शिरायचं नाही, एकाला जरी मागे टाकता आलं तरी पदक, अशी त्यांची योजना होती. कॅनडाचा स्केटर पडला. इटली पहिली, अमेरिका दुसरी, ऑस्ट्रेलिया तिसरी. म्हणजे 'उभं राहा आणि वाट बघा' ही पद्धत ब्रॅडबरीनं २००२ मध्ये निकालानंतर शोधलेली नाही. तिचा वापर आठ वर्षं आधी झालेला दिसतो.

दुसरा धागा मला फार आवडतो. ब्रॅडबरी स्केटिंगचे बूट बनवायचा, त्याची छोटी कंपनी होती. त्यानं ओहनोला स्वतःचे बूट फुकट दिले होते. हिशोब सरळ होता: ओहनो सुवर्ण जिंकणार, आणि बुटांचं नाव होणार. आता विचार करा, हा पुरावा किती मोलाचा आहे. ही शर्यतीआधीची कृती आहे, तिच्यावर निकालाचा रंग चढलेला नाही. आणि ती सांगते की ब्रॅडबरीचा स्वतःचा अंदाज ओहनोच्या बाजूनं होता. आपण हळू आहोत हे त्याला माहीत होतं, हे नंतरचं कथन इथे एका आधीच्या कृतीशी जुळतं. मुलाखतीतलं वाक्य आणि मुलाखतीबाहेरची कृती जुळवून बघणं, याला आपण त्रिकोणीकरण म्हणतो. पाठ्यपुस्तकात ती व्याख्या रुक्ष वाटते, इथे बुटांच्या जोडीत दिसते.

हे दोन धागे धरून बघितलं की 'डावपेच की कमकुवतपणा' हा वादच नीट मांडलेला नाही, असं लक्षात येतं. डावपेच कमकुवतपणातूनच आला. दमणार हे माहीत होतं म्हणून मागे राहायचं ठरलं. दोन गृहीतकं एकमेकांना छेद देतात असं आपण धरून चाललो होतो, प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या पोटात आहे. तुमच्या साहित्य-आढाव्यात 'अमुक म्हणतो असं, तमुक म्हणतो तसं' असे दोन गट पडले, तर त्यांना आमनेसामने उभं करण्याआधी हे एकदा तपासा.

पडलेल्यांचं काय?

लोकप्रिय कथेत ते चौघे म्हणजे पडणारे. त्यांच्या कारकिर्दी बघितल्या की एका शर्यतीचं वजन किती, हे कळतं.

आन ह्यून-सू तेव्हा अवघा १६ वर्षांचा होता. त्यानं २००६ मध्ये तुरिनला तीन सुवर्णं जिंकली. पुढे तो रशियाकडून व्हिक्टर आन या नावानं खेळला आणि २०१४ ला सोचीत आणखी तीन. त्याच्या कारकिर्दीत २००२ ची ती शर्यत म्हणजे एक खोडा, बाकीच्या नोंदींत बुडून जाणारा. ओहनोनं कारकिर्दीत एकूण आठ ऑलिंपिक पदकं घेतली. खूप शर्यती झाल्या की कौशल्य वर येतं, असा सरळ निष्कर्ष इथून काढावासा वाटतो.

पण थांबा, ली जियाजुन बघा. तीन ऑलिंपिकमध्ये मिळून पाच पदकं, सुवर्ण एकही नाही. नागानोत १००० मीटरचं सुवर्ण त्याच्या हातून पात्याच्या टोकाएवढ्या अंतरानं गेलं. तोही पहिल्या दर्जाचा स्केटर होता. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या स्पर्धेत नमुना इतका लहान असतो की अख्खी कारकीर्द संपली तरी दैवाचा हिशोब पूर्ण फिटत नाही. म्हणून 'शेवटी ज्याला त्याला लायकीनुसार मिळतं' हे विधान ब्रॅडबरीला जेवढं लागू होत नाही, तेवढंच लीलाही होत नाही.

मग या केसवरून म्हणता काय येतं?

माझ्या मते दोन गोष्टी ठामपणे म्हणता येतात.

पहिली: एक केस सार्वत्रिक विधान मोडू शकते. 'सर्वात हळू असणारा अंतिम फेरी जिंकूच शकत नाही', हे विधान खोडायला एक ब्रॅडबरी पुरतो. सिद्ध करायला हजार केस अपुऱ्या पडतील, खोडायला एक बास. मुलाखतीत तो प्रश्न आला तर हे सांगा.

दुसरी: एक केस यंत्रणा दाखवू शकते. निकाल कसा घडला, नियमांनी काय शक्य केलं, कोणत्या टप्प्यावर कोणती अट पूर्ण झाली, हे आपण वर टप्प्याटप्प्यानं बघितलं. क्रमांकावर आधारलेले नियम, पुढच्यांवर जिंकण्याचं दडपण, मागच्याला गमावण्यासारखं काही नसणं, ही साखळी दुसरीकडेही शोधता येईल.

जे म्हणता येत नाही ते असं: मागे राहणं ही चांगली पद्धत आहे. कारण मागे राहून मागेच संपलेल्यांचा आकडा आपल्यापुढे नाही. छेद नसलेल्या अंशाला अपूर्णांक म्हणत नाहीत.

यात तुमचं काय, तेही सांगतो. संशोधनात शिरताना तुम्हाला अशा कथा रोज ऐकू येतील. अमुक सरांनी नऊ वर्षं थांबून पीएचडी केली आणि लगेच कायम जागा मिळाली, तूही थांब. तमुक मॅडमचा पहिलाच पेपर मोठ्या जर्नलमध्ये आला, विषय पकडावा तर असा. सांगणारे खोटं बोलत नसतात. पण फेलोशिप संपल्यावर पुढे जायचं की नाही, घरची जबाबदारी किती काळ लांबवायची, असे खरे निर्णय पोरं या कथांवर घेतात, तेव्हा छेद विचारायलाच हवा. त्यांच्यासोबत त्याच वर्षी नोंदणी केलेले बाकीचे कुठे आहेत? किती जण थांबले, किती जणांना जागा मिळाली? हे विचारणं नकारात्मक नाही. हा तुमच्या आयुष्याचा नमुना-आराखडा आहे.

आणि ब्रॅडबरीचा अभ्यास करून मला त्याच्याबद्दल आदर कमी झाला का? उलट वाढला. स्वतःचा वेग किती, समोरच्यांचा किती, याचा त्यानं भावनेत न वाहता हिशोब केला, आणि त्या हिशोबाला शोभेल असा मार्ग धरला. सुवर्ण मिळालं नसतं तरी तो निर्णय तितकाच बरोबर ठरला असता. निर्णयाची प्रत निकालावरून ठरवू नका, हे त्या वाक्प्रचारात कुठेच येत नाही. म्हणून तो वाक्प्रचार मला ब्रॅडबरीवर अन्याय करणारा वाटतो.

सरावासाठी एक काम देतो. तुमच्या विषयातली एखादी गाजलेली यशोगाथा घ्या, गाव, संस्था, बचत गट, व्यक्ती, काहीही. तिच्यावर चार प्रश्न लिहून काढा: ही केस का निवडली गेली? यश नेमकं कशानं मोजलं? निकालाआधीचा पुरावा कोणता? आणि अशाच वाटेनं जाऊन न पोचलेले कोण? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला तुम्हाला फिल्डवर जावं लागलं, तर समजा, तुमचा संशोधनाचा विषय तिथेच आहे.